सायटिकावर 'स्टेम सेल'चं इंजेक्शन: माझे 2 लाख 80 हजार असे गेले

एसटीत 21 वर्षं ड्रायव्हर आहे, त्यातली बरीच कराड-चिपळूण मार्गावर. कुंभार्ली घाटात ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाकडं, आणि कळ निघायची तीही त्याच पायात. कमरेतून सुरू होऊन मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकून नस दाबलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, सायटिका आहे. गोळ्या घ्या, व्यायाम करा, गाडी बंद ठेवा; बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत उतार पडतो. पण तीन महिने घरी बसायचं कसं? तिथंच मी सापडलो.

गावातल्या मंगल कार्यालयात 'मोफत मणका व नस तपासणी शिबिर' लागलं होतं. कोटातल्या माणसानं माझी फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाला, "ऑपरेशनला गेलात तर पाय लुळा पडेल. तुमच्याच हाडातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढून टोचल्या की नस नवी होते." चार लाखांचं पॅकेज, आज नाव दिलं तर 2 लाख 80 हजार. पीएफमधून पैसे उचलले, राहिलेल्यासाठी बायकोच्या पाटल्या तारण ठेवल्या. तिनं एका शब्दानं अडवलं नाही, ते अजून टोचतं.

पुण्यातल्या त्यांच्या क्लिनिकमध्ये फॉर्म सगळा इंग्रजीत. पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या, तिथं तिथं मी सह्या केल्या. पालथं झोपवून कमरेच्या हाडात जाड सुई घातली. मगज ओढताना आतून काहीतरी उपटून काढतायत असं वाटलं. सिस्टर ती सिरिंज घेऊन शेजारच्या खोलीत गेली आणि पाऊण तासानं एक सिरिंज घेऊन आली. तिच्यावर ना चिठ्ठी, ना माझं नाव. तीच पाठीत टोचली.

चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी पहाटे मोरीपर्यंत जाता येईना. फोन केला तर म्हणाले, पेशी रुजायला सहा महिने लागतात, दुसरा डोस घ्या, 1 लाख 20 हजार.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी माझी पावती हातात घेतली. तिच्यावर फक्त 'प्रोसिजर चार्जेस'. स्टेम सेल हा शब्दच नाही! त्यांनी सांगितलं ते नीट वाचा. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर झालेल्या संशोधनाच्या चाचणीतच वापरता येतात. सायटिका त्या ठरावीक आजारांत नाही. आणि चाचणी असेल तर पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे पॅकेजचा आकडा सांगितला तिथंच फसवणूक उघडी पडत होती; मला ती ओळखता आली नाही. कुणी 'चाचणी' म्हणालं, तर सीटीआरआयचा, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या साइटवर तपासा. फॉर्म मराठीत मागा. पावतीवर उपचाराचं नाव लिहून घ्या.

पाय उचलेनासा झाला, लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मात्र शिबिरं नकोत आणि वाट बघणंही नको. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार केली आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. 1915 वर फोन केला तर माहिती मिळते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिललाही कागद पाठवलेत. पाय आता बराच हलका आहे, पण तो व्यायामानं आणि महिन्यांनी.

शिबिरात माझ्यामागं एक बाई बसल्या होत्या, भाजी विकणाऱ्या, डावा पाय धरून. पैसे भरून उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "दादा, खरंच गुण येतो का हो?" मी म्हणालो, "नाव देऊन टाका, ताई." त्यांचं गावही मी विचारलं नाही. कुणाच्या ओळखीतल्या असतील तर हे त्यांना वाचून दाखवा.