एसक्यूएलाइट: जुन्या फाइलींशी इमान राखणारा डेटाबेस

नवा प्रकल्प हाती आला की आधी डेटाबेसचा सर्व्हर, म्हणजे माहिती सांभाळणारा वेगळा चालणारा प्रोग्रॅम, उभा करायचा, ही गोष्ट आम्हा सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्या सर्व्हरची खरोखर गरज आहे का, हे बैठकीत सहसा कोणी विचारतच नाही. तो प्रश्न विचारायला लावणारा डेटाबेस म्हणजे एसक्यूएलाइट. गेली अनेक वर्षे तो रोजच्या कामात वापरत असल्यामुळे त्याच्या गुणांबरोबरच त्याच्या खोडींविषयीही सविस्तर लिहावेसे वाटते.

एसक्यूएलाइटला सर्व्हर नसतो. तो एका छोट्या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) रूपात आपल्या प्रोग्रॅममध्येच चालतो आणि सगळी टेबले, इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) व नोंदी डिस्कवरच्या एकाच साध्या फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे पोर्ट, पासवर्ड, वापरकर्त्यांचे अधिकार यांपैकी काहीही जुळवत बसावे लागत नाही. अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेवरील सॉफ्टवेअरचे काम करताना, डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की आपला प्रोग्रॅमही अडून बसतो, या अडचणीतून डी. रिचर्ड हिप यांना ही कल्पना सुचली आणि २००० साली पहिली आवृत्ती बाहेर आली. आज अँड्रॉइड फोन, आयफोन, क्रोम आणि फायरफॉक्स या सगळ्यांच्या पोटात तो आहे. त्याचा कोड कोणाच्याही मालकीचा नाही आणि वापरण्यासाठी परवाना लागत नाही.

माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण वेगात नसून शब्द पाळण्यात आहे. २००४ साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर ठरलेले फाइलचे स्वरूप आजही चालते, म्हणजे तेव्हा तयार झालेली फाइल आजच्या आवृत्तीत काहीही न बदलता उघडते, आणि २०५० सालापर्यंत आधार देत राहण्याचा विकासकांचा जाहीर संकल्प आहे. ज्या व्यवसायात गेल्या वर्षीचे फ्रेमवर्क यंदा कालबाह्य ठरते, तिथे हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र त्याच्या बहुतेक खोडी याच शब्दातून आलेल्या आहेत. प्रायमरी कीमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख ठरवणाऱ्या कॉलममध्ये, नल (रिकामे) मूल्य चालता कामा नये, हा प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जाणारा नियम. पण इथे ती की पूर्णांकाची नसेल, तर सामान्य टेबलात नल बिनबोभाट साठवले जाते. सुरुवातीच्या आवृत्त्यांमधील तो दोष होता, आणि तो लक्षात येईपर्यंत इतके प्रोग्रॅम त्यावर विसंबून असण्याची शक्यता निर्माण झाली की तो तसाच ठेवणे विकासकांना अधिक सुरक्षित वाटले. फॉरेन कीचे, म्हणजे एका टेबलातील नोंदीने दुसऱ्या टेबलातील खरोखर असलेल्या नोंदीकडेच बोट दाखवावे याचे, बंधन २००९ साली आले, पण ते मुळात बंदच असते. प्रत्येक नव्या जोडणीत वेगळी आज्ञा देऊन ते चालू केले नाही, तर ग्राहकाची नोंद पुसली जाते आणि त्याच्या ऑर्डरी मागे तशाच राहतात. पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘उद्या’ असा शब्द लिहिला, तरी तोही मुकाट्याने स्वीकारला जातो. २०२१ साली आलेली स्ट्रिक्ट टेबले ही ढिलाई थांबवतात, म्हणून नवे टेबल करताना ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द जोडण्याचा आग्रह मी धरतो. हे सगळे पर्याय मुळातच चालू असते, तर नवख्यांचा किती त्रास वाचला असता, असे मनापासून वाटते. तरीही जुन्या फाइली मोडून ती सोय मिळवावी, असे मी म्हणणार नाही.

एका वेळी एकच जण लिहू शकतो, ही त्याची खरी मर्यादा. राइट-अहेड लॉग (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू केला की लेखन सुरू असतानाही वाचन अडत नाही, आणि बिझी टाइमआउट ठरवून दिला की डेटाबेस लॉक (दुसऱ्याच्या लेखनासाठी अडवलेला) असल्याची तक्रार लगेच न येता प्रोग्रॅम थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो. एकाच यंत्रावर चालणाऱ्या बहुतेक कामांना एवढे पुरते. अनेक यंत्रांवरून सतत लेखन होणार असेल, तर मात्र पोस्टग्रेससारखा डेटाबेस सर्व्हरच हवा. फाइल नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर ठेवून त्यातून पळवाट काढू नये, कारण तिथले लॉक भरवशाचे नसतात आणि फाइल बिघडू शकते.

बॅकअपच्या बाबतीतही काळजी हवी. डेटाबेस एकाच फाइलचा असल्यामुळे ती नुसती कॉपी करण्याचा मोह होतो; पण राइट-अहेड लॉग चालू असताना ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये असू शकतात, आणि मुख्य फाइल तेवढी उचलली तर त्या मागे राहतात. कमांड लाइनवरची बॅकअपची आज्ञा किंवा व्हॅक्यूम इंटू (डेटाबेसची प्रत वेगळ्या फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा) वापरल्यास काम चालू असतानाही सुसंगत प्रत मिळते. ती प्रत वेगळी उघडून तिच्यावर इंटेग्रिटी चेक (फाइल शाबूत आहे का हे पाहणारी तपासणी) चालवण्याचे काम रात्रीच्या बॅकअपमध्येच जोडून टाकावे.