४२ हजारांचा टॅब आणि महिन्याला ९०० रुपये घेणाऱ्या बाई

मुलाच्या ऑनलाइन क्लासचा हा रिव्ह्यू लिहायला मला तसा वर्षभर उशीरच झालाय. पण परवा बुधवारी इथे गोव्यात डिचोलीच्या बाजारात एक ओळखीची भेटली आणि म्हणाली की तिच्या मुलीसाठी ऑनलाइन कोर्स घेतेय, उद्या "डेमो" आहे. मी तिथेच भाजीची पिशवी खाली ठेवून तिला पंधरा मिनिटं धरून ठेवलं. तेच इथे लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचं पण नाही कारण ह्यातल्या बऱ्याच जणांची पद्धत थोड्याफार फरकाने हीच असते.

आमचा मुलगा तेव्हा नुकताच सातवीत गेलेला. गणित कच्चं. मी पणजीला कामाला, कदंबने (आमची सरकारी बस) घरी यायला सात वाजतात, नवरा शिपवर, घरी सासूबाई. गावात ट्यूशनला पाठवायचं तर संध्याकाळी आणायला-न्यायला कोणी नाही. म्हणजे घरबसल्या क्लास ही आमची गरजच होती, हौस नव्हती, हे आधीच सांगते.

मोबाईलवर एक फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत फोन. फ्री डेमो देतो म्हणाले पण अट एकच, आईबाबा दोघंही हजर पाहिजेत. मी म्हटलं बाबा समुद्रात आहेत. तर तो म्हणे मॅडम व्हिडिओ कॉलवर घ्या ना. मला तेव्हा वाटलं किती काळजी आहे ह्यांना! आता कळतं, दोघं समोर असले की "नवऱ्याला विचारून सांगते" म्हणायची सोय राहत नाही. नेटवर्क नसल्यामुळे नवरा आलाच नाही आणि मी एकटीच बसले, ही माझी चूक.

डेमोत पोराला सहा-सात प्रश्न घातले, त्यात अपूर्णांकांचे दोन चुकले. लगेच स्क्रीनवर लाल रंगाचा रिपोर्ट. मग त्या माणसाने मुलाला विचारलं, मोठा होऊन काय होणार? चिरंजीव म्हणाले कदंबचा ड्रायव्हर. तो माणूस दोन सेकंद गप्प बसला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, बघा मॅडम, हेच आपल्याला बदलायचंय. (सासूबाई मागून म्हणाल्या, सरकारी नोकरी आहे, वाईट काय त्यात!)

दोन वर्षांचे ४२ हजार, टॅबसकट. ऑफर आज रात्री बारापर्यंतच. एकदम भरायला नाही जमत म्हटलं तर महिन्याला १,७५० "फक्त", २४ महिने, व्याज शून्य. मला वाटलं कंपनीला दर महिन्याला फी जाणार, नको झालं की बंद करू. आधार, पॅन, ओटीपी, सगळं पंधरा मिनिटांत झालं. नंतर बँकेच्या एसएमएसमध्ये भलत्याच फायनान्स कंपनीचं नाव दिसलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते फी चे हप्ते नव्हतेच, माझ्या नावावर ४२ हजारांचं कर्ज काढलेलं. कर्ज देणाऱ्याने पैसे आधीच क्लासवाल्यांना देऊन टाकलेले असतात, व्याजाचा भाग क्लासवाला स्वतःच्या पैशातून सोडतो म्हणून आपल्याला शून्य दिसतं. मग क्लास चांगला असो की बंद पडो, हप्ता आपला चालूच, आणि तो चुकला तर दंड आणि सिबिल स्कोअर (पुढचं कर्ज देताना बँका बघतात तो) पण आपलाच बिघडतो. फॉर्मवर हे सगळं लिहिलेलं होतं हो, मीच वाचलं नाही. पण तोंडाने एकदा तरी "कर्ज" म्हणाला असता तर मी उठले असते तिथून.

आता शिकवण्याबद्दल. खरं सांगायचं तर व्हिडिओ चांगले होते. अपूर्णांकांचा गुणाकार त्यांनी कागदाची पट्टी दुमडून दाखवला होता, अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, ते पोराने जेवताना पोळी दुमडून आजीला शिकवलं. तेवढं त्यांचं श्रेय त्यांना देते. पण अ‍ॅपमध्ये बोर्ड निवडायची यादी उघडली तर सीबीएसई, आयसीएसई, आणखी काही राज्यं, गोवा कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले सीबीएसई निवडा, सेमच आहे. सेम कसलं, शाळेत जो धडा चालू तो ह्यांच्याकडे दोन महिन्यांनी. आणि "लाईव्ह" क्लास म्हणजे तीसेक मुलं, सगळ्यांचे माईक बंद, प्रश्न चॅटमध्ये टाकायचा. वेळ संध्याकाळी सहाची. जूनमध्ये डिचोलीत संध्याकाळी सहाला पाऊस आला की वीज जाते आणि विजेबरोबर वायफाय, हे त्यांना बेंगळुरूत बसून कसं कळणार. (तरी आमच्याकडे बरं आहे, कोविडात सत्तरी-सांग्यातली पोरं नेटवर्कसाठी डोंगर चढत होती.)

पैसे परत मिळायची मुदत १५ दिवस होती. टॅब आला अकराव्या दिवशी. मला वाटलं मुदत टॅब हातात आल्यापासून. मी एकोणिसाव्या दिवशी ईमेल केला तर उत्तर, मुदत पैसे भरल्या तारखेपासून होती, संपली. मग सुरू झाले कंपनीच्या "काउन्सेलर"चे फोन. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. एकाने तर मला विचारलं, मुलाच्या भविष्यापेक्षा ४२ हजार मोठे आहेत का? त्यानंतर मी फोनवर बोलणं बंद केलं, जे काय ते ईमेलवर. आणि हे फार कामाला आलं कारण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ नंबरवर तक्रार केली तेव्हा लेखी सगळं तयार होतं. साधारण तीन आठवड्यांनी तडजोड झाली, टॅब परत, कर्ज रद्द, भरलेले दोन हप्ते म्हणजे ३,५०० गेले ते गेले. पण टॅब परत गेला म्हणून कर्ज आपोआप बंद झालं असं समजू नका, फायनान्स कंपनीकडून वेगळं नो ड्यूजचं, म्हणजे काही देणं बाकी नाही असं, पत्र मागून घ्या. मी चार वेळा मागितलं तेव्हा आलं.

ह्याच गडबडीत अजून एक लफडं. इंग्लिश वाचनाचं एक अ‍ॅप, एक रुपयात सात दिवस ट्रायल. आवडलं नाही म्हणून फोनमधून काढून टाकलं. महिन्याने बघते तर ४९९ कट. अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही! एक रुपया भरताना आपण ऑटोपेला, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापून घ्यायला, परवानगी देऊन बसलेलो असतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून भाग असतो तिथे जाऊन ते रद्द करायचं. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तो, पण १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन मागत नाहीत त्यामुळे मेसेज वाचलाच नाही तर गेले पैसे. मला आला होता मेसेज, इन्शुरन्स आणि लोनच्या जाहिरातींच्या मध्ये कुठेतरी. गंमत म्हणजे केंद्राच्या शिक्षण खात्याने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सांगितलं होतं की अशा कंपन्यांना ऑटो डेबिट देऊ नका, पण आपल्यापर्यंत पोचतंय कुठे.

आता काय करतो? म्हापशाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, गूगल मीटवर शिकवतात. पाच मुलं, आठवड्याला तीन दिवस, रात्री आठला, महिन्याला ९००. गोवा बोर्डाचीच पुस्तकं, शाळेत चालू तोच धडा. आणि त्यांची फी तेवढीच, वर काही नाही. त्या कंपनीच्या बिलात १८ टक्के जीएसटी पण होता, बाईंची वर्षाची कमाई २० लाखांच्या आसपासही नाही त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. नकारात्मक बाजू आहेत. बाईंचा आवाज मध्येच तुटतो, रेकॉर्डिंग मिळत नाही, फळा म्हणजे वहीवर रोखलेला मोबाईल आणि त्यात कधी कधी बाईंचा अंगठाच जास्त दिसतो. पण मुलाचा माईक चालू असतो. चुकला की तिथल्या तिथे कळतं, आणि दोन दिवस दिसला नाही तर मला मेसेज येतो.

व्हिडिओ बघायचेच तर खान अकॅडमी फुकट आहे, सरकारचं दीक्षा अ‍ॅप फुकट आहे, एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. दीक्षावर हवं ते शोधायला जीव जातो हे मान्य, पण ४२ हजार वाचतात. सुट्टीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन जाते, तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे, पोरगा दोन तास हलत नाही.

तर रेटिंग: कंपनीच्या व्हिडिओंना चार स्टार, त्यांच्या पैसे घ्यायच्या पद्धतीला शून्य देता येत नाही म्हणून एक. बाईंना साडेचार, अर्धा त्या अंगठ्यासाठी कापला. गणेश चवथीच्या महिन्यात बाईंनी स्वतःहून मेसेज केला होता, "सुट्टीत चार क्लास झाले नाहीत, ह्या वेळी ६०० च पाठवा."