लहानपणीच्या भुंगेऱ्याचे नाव मिळवून देणारी सेवा : आयनॅचरलिस्ट

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आजोळच्या मळ्यात पावसाच्या तोंडावर कंदिलापाशी येणारा बोटभर लांबीचा राखाडी भुंगेरा, त्याच्या अंगापेक्षाही लांब मिशा आणि हातात धरताच होणारी त्याची करकर मला इतकी वर्षे आठवत होती; नाव मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

सजीवांच्या नोंदी टाकून इतर सदस्यांकडून त्यांची नावे ओळखून घेण्यासाठी २००८ साली सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या विनामूल्य ऑनलाइन सेवेत नुसत्या आठवणीवर भागत नाही, कारण छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण नसलेली नोंद पडताळणीस पात्र ठरत नाही, आणि ही अट मला योग्यच वाटते. यंदा जूनमध्ये त्याच मळ्यातील आंब्याखाली तो दिसला, तेव्हा मी पाठ, मान आणि मिशा यांचे वेगवेगळे फोटो घेतले. चित्र पाहून संगणकाने सुचवलेले ‘बटोसेरा रुफोमॅक्युलाटा’ हे शास्त्रीय नाव जाणकार सदस्यांनीही मान्य केले; मानेच्या ढालीवरचे दोन नारिंगी डाग ही त्याची ठळक खूण. नोंदीला ‘संशोधन दर्जा’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी असल्याची खूण, मिळण्यासाठी ओळख सांगणाऱ्या सदस्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांची सहमती लागते, म्हणून एकट्या यंत्राच्या अंदाजावर कोणी थांबू नये.

नाव कळल्यावर उलगडले की आंब्याचे खोड पोखरून भुसा बाहेर टाकणारी भिरूड ही याच भुंगेऱ्याची अळी. मामांचा जुना गावरान आंबा वठला, तेव्हा त्याच्या बुंध्याशी तसाच भुसा साचलेला मी पाहिला होता.