रेप्टाइल एक्स्पो: टेबलाच्या मागून

आधी गुण सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. गेलेल्या दीडपैकी एक अख्खा गुण एसीच्या एका झडपेने खाल्ला, अर्धा शेवटच्या तासाने.

गिऱ्हाईक म्हणून मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनांना कितीतरी वर्षं जातेय. विकायला टेबल घेतलं ते मात्र पहिल्यांदाच. घरी पैदास केलेली लेपर्ड गेकोची (ठिपक्याठिपक्यांची पाळीव पाल) 22 पिल्लं, बॉल पायथनची (छोट्या जातीचा अजगर) 9, आणि मदतीला भाचा. पैसे भरल्यावर पदरात काय पडतं? एक लांब टेबल, दोन खुर्च्या आणि गळ्यात अडकवायचा बिल्ला. चादर आपली आपण आणायची. विजेचा पॉइंट हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो, हे अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत. ते पान मी वाचलं होतं म्हणून वाचले. शेजारच्या टेबलवाल्या गृहस्थांनी वाचलं नव्हतं. त्यांची एक्स्टेन्शन दोन्ही दिवस माझ्याच पॉइंटवर चालली.

दारातल्या तपासणीला मात्र पैकीच्या पैकी. प्रत्येक डबा उघडून, टॉर्च मारून बघत होते. सापाच्या हनुवटीखालची घडी, डोळ्यांभोवतीची खाच, डब्यातल्या पाण्याच्या वाटीचा तळ. माइट म्हणजे सापाचं रक्त पिणारे किडे, खसखशीहून बारीक काळे ठिपके, आणि एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला त्यांना तिकीट लागत नाही. माझ्या पुढच्या माणसाचे दोन साप तिथूनच परत पाठवले. त्याने बराच आरडाओरडा केला, पण तपासणारी मुलगी ढिम्म हलली नाही. विषारी साप बंद, तसाच बॉल पायथनचा ‘स्पायडर’ मॉर्फही (पैदाशीतून टिकवलेला रंग-नक्षीचा प्रकार) बंद. त्या सापाची नक्षी देखणी असते, पण त्याच जनुकापायी आतल्या कानात दोष राहतो आणि साप मान वाकडी करून डगडगत राहतो. नक्षी ठेवून दोष काढता येत नाही. नियम मला पटला, आणि कागदावर न ठेवता दारात पाळला हे जास्त आवडलं.

आता ती झडप. माझं टेबल बरोबर तिच्याखाली. थर्मामीटर ठेवला तर 19 अंश. घरी माझ्या गेकोंच्या पेटीत उबेची बाजू 31-32 आणि गार बाजू 24-25 च्या आसपास असते. चार-सहा तास 24 ला ती मजेत बसली असती. 19 ला मिटून बसतात, आणि लोक विचारतात, ‘हे आजारी आहे का हो?’ भाचा म्हणाला, ‘मावशी, वरून दिवा लावू?’ मी त्याला जवळजवळ ओरडलेच. प्लास्टिकच्या छोट्या बंद डब्यावर दिवा लावला की आतला प्राणी काही मिनिटांत भाजून निघतो. गारठ्यात तो सुस्तावतो, पण तापलेल्या डब्यातून त्याला पळायला जागा नसते. शेवटी थर्मोस्टॅट जोडलेली हीट मॅट एका रांगेखाली सरकवली आणि खोक्यांचे पुठ्ठे कापून वाऱ्याला आडोसा केला. टेबलाची शोभा गेली ती गेलीच. आयोजकांकडे सकाळी नऊपासून तीनदा गेले, तिन्ही वेळा ‘बघतो’. दुपारी तीनला एका स्वयंसेवकाने शिडी आणून झडप बंद केली. पाच मिनिटांचं काम होतं.

भवानी अकरा वाजून वीस मिनिटांनी झाली. त्याआधीची गर्दी नुसती बघी. त्यात एक लहान मुलगी वडिलांना ओढून घेऊन आली, आणि वडिलांनी विचारलं, ‘हा साप जगतो किती?’ वीस-तीस वर्षं सहज, असं मी सांगितलं. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात 2020 साली साठी ओलांडलेल्या बॉल पायथनने अंडी घातली होती, हेही सांगितलं. वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलगी कॉलेजला जाईल आणि साप आपल्याच गळ्यात राहील, हा हिशेब त्यांनी जागच्या जागी केला असावा. गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे, चार महिन्यांनी साप परत आला असता त्यापेक्षा बरं.

घसा खरा बसला तो ‘66 टक्के हेट’ समजावताना. हेट म्हणजे जनुक वाहतो, पण अंगावर दिसत नाही असा. माझ्या एका जोडीतले नर-मादी दोघंही दिसायला साधे, पण अल्बिनोचं जनुक पोटात घेऊन फिरणारे. त्यांच्या पिल्लांत सरासरी चारात एक अल्बिनो निघतं. उरलेली तीन दिसायला सारखीच, त्यांतली दोन जनुक वाहणारी, एक कोरी. म्हणून साध्या दिसणाऱ्या प्रत्येक पिल्लाच्या चिठ्ठीवर 66 टक्के. एकाने विचारलं, ‘म्हणजे हा 66 टक्के पांढरा होणार?’ मग मी तीन बंद काडेपेट्यांचं उदाहरण काढलं: दोनांत नाणं आहे, एक रिकामी, बाहेरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी भाचा माझ्याऐवजी तेच सांगत होता, माझ्यापेक्षा चांगलं.

गेकोच्या चिठ्ठ्यांवर मी ‘बहुधा मादी’ लिहिते. नर की मादी हे अंडं किती ऊबेवर वाढलं त्यावर ठरतं; माझी अंडी 27 अंशांवर होती, त्यामुळे माद्याच जास्त असणार. पण इतक्या लहान पिल्लाकडे बघून शपथ कोण घेणार? पलीकडच्या टेबलावर तेवढ्याच पिल्लांवर ‘100 टक्के मादी’ अशी ठसठशीत पाटी होती. तिथली लवकर खपली. खरं लिहिलं की माल संशयास्पद वाटतो, हे मला नवीन होतं.

हाताळू मी कुणाला दिलं नाही. सॅनिटायझरची बाटली प्रत्येक टेबलावर होती, चांगलं आहे, साल्मोनेलासाठी तिचा उपयोग होतो. पण दहा टेबलांवर दहा साप हाताळून आलेल्या माणसाच्या बाहीवरच्या माइटला ती काय करणार? घ्यायचं पक्कं असेल तर हात धुऊन या, मग डबा उघडते, असं सांगत राहिले. काहींना राग आला.

शेवटचा तास म्हणजे बाजार उठतानाची भाजी मंडई. ‘परत न्यायचा त्रास कशाला, अर्ध्यात द्या की.’ आयोजकांनीही भोंग्यावरून ‘आता उतरत्या भावात’ अशी घोषणा केली, विक्रेत्यांना न विचारता. एकाला दोन गेको हवे होते, एकाच पेटीत ठेवायला. एकत्र ठेवलेले गेको एकमेकांच्या शेपट्या तोडतात, असं म्हटल्यावर उत्तर मिळालं, ‘पुन्हा येते ना शेपटी?’ येते, पण पहिल्यासारखी नाही, आणि त्याला मी दिले नाहीत.

विक्री 13 गेको आणि 4 अजगर. शेजारचे गृहस्थ नुसत्या पाण्याच्या वाट्या आणि लपायच्या गुहा विकत होते, त्यांचं टेबल दुपारीच रिकामं. माझे उरलेले 14 जीव आता भाच्याच्या अभ्यासाच्या खोलीत वेगळे ठेवलेत, निदान 60 दिवस. तिथले चिमटे, भांडी, टॉवेल सगळं निराळं. परीक्षा जवळ आली आहे आणि त्याची काही तक्रार नाही, याचंच मला जास्त नवल वाटतं.

पुढच्या वेळचा अर्ज भरलाय. पसंतीच्या रकान्यात ‘भिंतीकडची बाजू, वर झडप नको’ असं लिहिलं. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या अर्जात पॉइंट मागितला नाही. माझ्या शेजारची जागा मागितली आहे.