युरेल पास आणि हॉस्टेल: दक्षिण युरोपात पैसे वसूल होतात का?

भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्याला पास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पास गाडीत चढायचा हक्क देतो, बसायची जागा देत नाही. युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांत चालणारा युरेल पास घ्यायच्या आधी हीच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या पट्ट्यात पासाचा नफा-तोटा तिच्यावरच ठरतो.

भारतात राहणाऱ्यांसाठी आहे तो 'युरेल'. 'इंटररेल' युरोपातल्या रहिवाशांसाठी आहे, तो आपल्याला चालत नाही. युरेलचा ग्लोबल पास 33 देशांत चालतो. एका महिन्यात 4, 5 किंवा 7 दिवस, दोन महिन्यांत 10 किंवा 15 दिवस, असे त्याचे प्रकार आहेत. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात आणि तेवढ्यात कितीही गाड्या बदलता येतात. रात्रीच्या गाडीला फक्त निघायचा दिवस खर्ची पडतो, मात्र बारा वाजल्यानंतर दुसरी गाडी पकडली की नवा दिवस लागतो. 27 वर्षांपर्यंतच्यांना साधारण चतुर्थांश सूट, 60 च्या पुढच्यांना 10 टक्के.

पास मोबाइलमध्ये येतो, 'रेल प्लॅनर' ॲपमध्ये. आडनाव आणि पास क्रमांक टाकून तो जोडायचा, पासपोर्ट क्रमांक देऊन सुरू करायचा, आणि प्रत्येक गाडी चढण्याआधी त्यात नोंदवायची. गाडी नोंदवली की क्यूआर कोड तयार होतो आणि टीसी तोच बघतो. तीन दिवसांतून एकदा तरी ॲपला इंटरनेट मिळालं पाहिजे. फोन बंद पडला तर तिकीटच हातात राहत नाही, म्हणून पॉवर बँक खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आता हिशोब. 7 दिवसांचा पास मोठ्या माणसाला सुमारे 380 युरोला पडतो, म्हणजे दिवसाला 54 युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साडेपाच हजार. फ्लॉरेन्सहून पिसा, तिथून लुक्का आणि परत फ्लॉरेन्स, हा भरगच्च दिवस साध्या रीजनल गाड्यांनी पंचवीस युरोच्या आत-बाहेर होतो. अशा दिवसाला पास वापरणं म्हणजे निम्मे पैसे वाया. रीजनलचं भाडं अंतरावर ठरतं, महिनाभर आधी घ्या की स्टेशनवर घ्या, तेच. आरक्षण लागत नाही. कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

वेगवान गाड्यांचं उलट आहे. इटलीच्या फ्रेच्चारोसाला पासधारकाने आरक्षणाचे वेगळे 10 ते 15 युरो मोजायचे. फ्रान्सच्या टीजीव्हीला 10 ते 20, सीमा ओलांडणारी गाडी असेल तर आणखी जास्त. टीजीव्हीत पासधारकांचा कोटा ठरलेला असतो. तो संपला की गाडीत जागा असूनही आपल्याला मिळत नाही. स्पेनमध्ये लांब पल्ल्याच्या जवळपास सगळ्या गाड्यांना आरक्षण सक्तीचं आहे, आणि ते मिळवायचा खात्रीचा रस्ता म्हणजे स्टेशनची तिकीट खिडकी. स्पेनमध्ये उतरल्या दिवशीच पुढच्या सगळ्या गाड्यांची आरक्षणं एकदम काढून घ्या. तिथे ओइगो आणि इर्यो या खासगी गाड्यांवर पास चालत नाही. पॉम्पेईला जाणारी चिर्कुमवेझुविआनाही पासाबाहेर आहे, तिचं तिकीट वेगळं घ्यायचं.

त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे. एक-दोन देश सावकाश बघायचे असतील तर पास घेऊ नका, सुटी तिकिटं घ्या. तीन-चार देश, लांब उड्या आणि तारखा पक्क्या नाहीत, असं असेल तर 4 किंवा 5 दिवसांचा छोटा पास लांब पल्ल्यांसाठी ठेवा आणि जवळच्या प्रवासाला रोख तिकीट काढा. 15 दिवसांचा पास या भागात क्वचितच वसूल होतो.

नकाशावर जवळ दिसणारी गावं रेल्वेने जवळ असतीलच असं नाही. लिस्बन ते माद्रिद थेट गाडी नाही, रात्रीची होती ती 2020 मध्ये बंद झाली. बादाहोसमार्गे गाड्या बदलत अख्खा दिवस जातो. बार्सिलोनाहून इटलीत जायचं तर मार्सेय, नीस, वेंतिमिल्या असे टप्पे. एका दिवसात कोंबू नका, नीसला मुक्काम करा.

रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाने एक प्रवास मात्र चुकवू नये: रोमहून सिसिलीला जाणारी रात्रीची गाडी. विल्ला सान जोव्हान्नी इथे गाडीचे तुकडे करतात, डबे शंटिंग करून जहाजाच्या पोटातल्या रुळांवर ढकलतात आणि प्रवाशांसह मेसिनाची सामुद्रधुनी पार करतात. पलीकडे पुन्हा जोडाजोडी, आणि गाडी पुढे. बर्थवर पडल्या पडल्या कपलिंगचे धक्के कळतात. जहाज पाण्यात असताना त्याच्या वरच्या डेकवर जाता येतं. आपला डबा आणि जिना नीट ध्यानात ठेवून जा.

इटलीत 'शोपेरो' हा शब्द फलकावर दिसला की संप समजा. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक रीजनल गाड्या संपातही सोडतात, त्यात प्रवास बसवा. फलाट क्रमांक गाडीच्या काही मिनिटंच आधी लागतो, 'बिनारिओ'च्या रकान्यात. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवर सामान स्कॅनरमधून जातं आणि फलाटाचं दार गाडी सुटण्याआधी बंद होतं. अर्धा तास आधी पोहोचा.

हॉस्टेल निवडताना रेटिंगपेक्षा चार गोष्टी बघा: स्टेशनपासून चालत किती मिनिटं, लॉकर केवढा, एसी आहे का, आणि वयाची अट. काही हॉस्टेलं डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीत, चाळिशीपुढच्यांना घेत नाहीत. जुलैत सेव्हिया-कोर्दोबाला पारा चाळिशी ओलांडतो. खान्देशच्या मे महिन्याची सवय असली तरी आठ जणांच्या बंद खोलीत पंख्यावर झोप लागत नाही. कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं लागतं, पातळ कडीचं न्या. शहराचा कर भाड्यात धरलेला नसतो. लिस्बनला माणशी रात्रीला 4 युरो, जास्तीत जास्त सात रात्री.

खोलीत शिरल्यावर बॅग पलंगावर टाकू नका. गादीचा कोपरा उचला, शिवण मोबाइलच्या उजेडात बघा. शिवणीत बारीक काळे ठिपके दिसले तर ते ढेकणाचे आहेत. तिथल्या तिथे खोली बदलून मागा.

शाकाहाऱ्यांसाठी हॉस्टेलचं स्वयंपाकघर हीच खरी बचत. इंडक्शनवर घरचा ॲल्युमिनियमचा तवा तापत नाही, त्यामुळे कळण्याचं पीठ नेलं तर भाकरी तिथल्या नॉनस्टिक पॅनवर, थोडी जाडच थापावी लागते. वांगी बाजारात छान मिळतात, पण भाजायला आच नाही. टोचे मारून ओव्हनमध्ये 220 अंशांवर चाळीसेक मिनिटं ठेवा. धुराचा वास येत नाही, बाकी हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातली की भरीत जमतं. मिरचीची फोडणी मात्र झाकण ठेवून मंद आचेवर करा, तिच्या धुराने अलार्म वाजतो आणि सगळी इमारत खाली उतरते. फ्रिजमध्ये डब्यावर नाव आणि तारीख लिहा, बिननावाचं फेकून देतात.

सामानात तूप, पेढे, खवा ठेवू नका. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. ताज्या फळांनाही प्रमाणपत्र लागतं. फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना ते लागत नाही, म्हणजे जळगावची केळी चालतात. कोरडा काळा मसाला आणि पीठ सीलबंद पाकिटात न्या.

या सगळ्या देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान 30,000 युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे. हॉस्टेलची बुकिंगं फुकट रद्द होणारी घ्या आणि पास व्हिसा हातात आल्यावरच विकत घ्या.