खेळाच्या व्हीलचेअरचे दहा महिने आणि पुढच्या चाकातले बेअरिंग

आमच्या अकरा वर्षांच्या मुलासाठी बास्केटबॉलची व्हीलचेअर गेल्या नोव्हेंबरमध्ये घेतली. अनुभव वर्षभराने लिहायचा विचार होता; परंतु जुलैमध्ये जे घडले ते गोव्यातल्या इतर पालकांना वेळेवर कळावे, म्हणून आताच लिहीत आहे.

मुलाला जन्मापासून स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) आहे आणि कमरेखाली त्याला संवेदना नाही. म्हापशाजवळच्या एका सभागृहात दर रविवारी सात-आठ मुलांचा सराव चालतो आणि जादा खुर्च्या असतील तर भावंडेही त्यांत बसून खेळतात. माझी मोठी मुलगी पहिल्या दिवशी धाकट्याला सांभाळायला म्हणून उतरली आणि दहा मिनिटांत दमली. चेंडू मांडीवर ठेवून दोनदा चाके ढकलली की तिसऱ्यांदा ढकलण्यापूर्वी टप्पा घालावा लागतो, हे तिच्या हातांना जमेना. धाकटा मात्र तिच्याभोवती गिरकी घेत म्हणाला, "ताई, चाकाकडे बघू नकोस, चेंडूकडे बघ." घरात त्याने तिला काही शिकवण्याचा प्रसंग तोवर कधी आला नव्हता.

वरून आत आणि खालून बाहेर झुकलेल्या चाकांबद्दल सुरुवातीला माझी तक्रार होती, कारण खुर्ची जमिनीलगत 84 सेंटीमीटर रुंद आणि आमच्या मागच्या दाराची चौकट 76 सेंटीमीटर. ही तक्रार मी आता मागे घेते. त्या झुकावामुळेच खुर्ची जागच्या जागी झटकन वळते, बाजूला सहज उलटत नाही आणि दोन खुर्च्या आदळल्या तर आधी चाकांचे खालचे काठ भिडून मुलांची बोटे वाचतात. मागची चाके मधले बटण दाबून निघतात, त्यामुळे दाराचा आणि गाडीच्या डिकीचा प्रश्नही सुटला.

आसनाच्या मापात मात्र माझी चूक झाली. मूल वाढते आहे, तीन-चार वर्षे पुरेल, या हिशेबाने मी एक इंच रुंद आसन मागवले. शरीर आसनात घट्ट बसले नाही तर कमरेचे वळण खुर्चीपर्यंत पोहोचत नाही आणि मुलाची निम्मी ताकद वाया जाते, हे फिजिओथेरपिस्टने दाखवून दिल्यावर दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या शिवून घ्याव्या लागल्या. सोबत आलेली गादी तर पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवली, कारण तासाभराच्या सरावानंतर बैठकीच्या हाडाजवळ लाली दिसली. ज्या मुलांना तिथले दुखणे कळत नाही, त्यांच्या पालकांनी सरावानंतर त्वचा रोज डोळ्यांनी पाहावी. यात कंटाळा करू नये.

आता मुख्य गोष्ट. या खेळात प्रत्येक खेळाडूला शरीराच्या हालचालीनुसार 1.0 ते 4.5 गुण दिले जातात (हालचाल जितकी कमी, तितके गुण कमी) आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे पाचही जण बळकट धडाचे घेऊन संघ होत नाही. ज्याचे धड कमी साथ देते, असा खेळाडू संघाला लागतोच. आमचा मुलगा अशा कमी गुणांच्या मुलांपैकी आहे. तो बास्केट क्वचितच करतो. त्याचे काम प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत खुर्ची आडवी घालून आपल्या नेमबाजाला वाट मोकळी करून देणे, आणि ते त्याला मनापासून आवडते. नेमक्या क्षणी खुर्ची आडवी व्हायची, तर पुढची छोटी चाके विनाअडथळा फिरली पाहिजेत.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी तो म्हणाला, "आई, खुर्ची उजवीकडे ओढते." उचलून पाहिले तर उजवे छोटे चाक दोन बोटांनी फिरवल्यावर अर्ध्या फेऱ्यात करकरत थांबत होते आणि आसाजवळ तांबूस पाणी ओघळले होते. त्या दिवशी तीनदा तो वाटेत पोहोचण्याआधीच समोरची मुलगी निघून गेली, आणि उरलेला वेळ त्याने कडेला बसून काढला.

विक्रेता परराज्यातला. फोनवर सांगण्यात आले की गंज वॉरंटीत बसत नाही, चाकासह पुढची पूर्ण जोडणीच बदलावी लागेल, दोन्ही बाजूंचे 4,800 रुपये, कुरिअर वेगळे आणि किमान तीन आठवडे. मी तीन वेळा विचारले की आतले बेअरिंग वेगळे मिळेल का. तिन्ही वेळा "सुटा भाग देत नाही" हेच उत्तर मिळाले. एवढी महाग वस्तू विकताना हे आधी सांगायला हवे होते, आणि याचा राग माझ्या मनात अजून आहे.

शेवटी म्हापशातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात चाक नेले. त्यांनी बेअरिंग ठोकून बाहेर काढले, कापडाने पुसले आणि कडेवरचा आकडा मला वाचायला लावला: 608. आतला व्यास 8 मिलिमीटर, बाहेरचा 22, जाडी 7. स्केटिंगच्या चाकांत असते तेच. नग 70 रुपये. पुढच्या दोन चाकांत चार आणि मागे उलटू नये म्हणून असलेल्या छोट्या चाकात दोन, असे सहा बदलून 420 रुपये झाले. मूळ बेअरिंगला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणे होती. ती धूळ अडवतात, पाणी नाही. आमच्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत, ओली खुर्ची रात्रभर व्हरांड्यात ठेवल्यावर, आत गंज चढणारच. व्हरांड्यात ठेवण्याचा दोष माझा आहे, हेही मान्य करते. नवीन बेअरिंग रबरी सीलची घेतली. हातावर फिरवताना ती किंचित जड वाटतात, मैदानावर फरक जाणवत नाही.

त्यानंतर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीचा एक रविवार सोडला तर सराव चुकलेला नाही. खुर्ची आता घरात असते, सरावानंतर कोरड्या फडक्याने पुसली जाते आणि आसाला गुंडाळलेले केस व धागे चिमट्याने काढले जातात. शनिवारी रात्री मुलगा स्वतः चाक फिरवून कानाजवळ धरतो. खुर्ची घ्यावी का, असे कोणी विचारले तर अवश्य घ्या म्हणेन. परंतु पैसे देण्यापूर्वी बेअरिंगचा क्रमांक आणि सीलचा प्रकार लेखी मागा.

आमच्या गटातल्या आणखी एका मुलीची खुर्ची गेल्या रविवारी तशीच करकरत होती. तिचे बाबा येत्या रविवारी सहा बेअरिंग घेऊन येणार आहेत आणि पाना आमच्याकडून जाणार आहे.