आरएनएच्या दोन रचना ताडताना: बेस-पेअर डिस्टन्स की ट्री एडिट डिस्टन्स?

उसावरील मोझॅकचा विषाणू आरएनएचाच असल्यामुळे सांगली भागातील एमएस्सीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी तो विषय हौसेने घेतात, आणि दोन दुय्यम रचना (आरएनएची साखळी स्वतःवर दुमडून तिचे बेस, म्हणजे घटक, जोडीजोडीने जुळतात तो आराखडा) हाती आल्यावर त्यांच्यातील अंतर कशाने मोजायचे, या प्रश्नापाशी अडतात. बेस-पेअर डिस्टन्स आणि ट्री एडिट डिस्टन्स या दोन्ही पद्धती व्हिएन्ना आरएनए या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये मोफत आहेत, तेव्हा खर्चाचा विचार नाही.

बेस-पेअर डिस्टन्सचा साधेपणा मला आजही आवडतो. फक्त एकाच रचनेत सापडणाऱ्या जोड्या दोन्ही बाजूंनी मोजायच्या आणि बेरीज करायची. एकाच रेणूच्या दोन संभाव्य घड्या ताडायच्या असतील, तर याहून अधिक काही लागू नये. अडचण आहे ती सरकण्याची. पुढील दोन ओळी पाहाव्यात (उघडणारा कंस आणि त्याचा बंद होणारा कंस म्हणजे जुळलेली जोडी, टिंब म्हणजे सुटा बेस):

((((....)))).
.((((....))))

चार जोड्यांचा दांडा तोच, लूपही (टोकाचा सुट्या बेसांचा फास) तोच. सारे केवळ एका स्थानाने उजवीकडे सरकले आहे. तरीही एकही जोडी सामाईक न उरल्यामुळे अंतर 8 भरते, म्हणजे चार-चार जोड्यांच्या रचनांत जास्तीत जास्त जेवढे असू शकते तेवढे! टीआरएनएमध्ये (प्रथिने बनताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या आरएनएमध्ये) डी-लूपची आणि व्हेरिएबल लूपची लांबी रेणूगणिक बदलते, त्यामुळे डोळ्यांना सरळ दिसणारे क्लोव्हरलीफ (टीआरएनएची पानासारखी आकृती) या पद्धतीला ओळखताच येत नाही, आणि एकूण लांबीच निराळी असेल तर ती मुळात लागूच पडत नाही. रिकाम्या जागा भरून लांबी जुळवण्याचा उद्योग मी पुष्कळ केला; त्या कटकटीला कंटाळूनच मी दुसरीकडे वळलो.

ट्री एडिट डिस्टन्समध्ये प्रत्येक जोडी ही वृक्षाची गाठ आणि प्रत्येक सुटा बेस हे पान मानतात. झँग आणि शाशा यांची 1989 ची रीत त्यासाठी प्रसिद्ध आहे. वरील उदाहरणात शेवटचे पान काढून आरंभी एक घातले की काम भागते, खर्च 2. हीसुद्धा निर्दोष नाही, हे मान्य केले पाहिजे. एखादी जोडी नुसती सुटली, तरी गाठ काढून दोन पाने घालावी लागतात, जिथे जोड्या मोजणाऱ्याला फक्त 1 दिसतो. आरएनएफॉरेस्टर या प्रोग्रॅमने जोडीचे बेस वेगळी पाने म्हणून ठेवून ही त्रुटी बरीच भरून काढली आहे. स्यूडोनॉट (एकमेकींना छेदणाऱ्या जोड्यांच्या रचना) मात्र वृक्षात बसत नाहीत. ते महत्त्वाचे असतील तर पहिली पद्धतच बरी.

रचना खात्रीच्या नसून भाकिताने काढलेल्या असतील, तर सँकॉफ यांच्या 1985 च्या मार्गाने घडी काढणे आणि दोन साखळ्यांची जुळणी (अलाइनमेंट) एकत्रच करणे तत्त्वतः योग्य. पण मूळ रूपात त्याचा वेळ लांबीच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट झाली की 64 पट. महाविद्यालयाच्या संगणकावर लोकार्नासारखी हलकी आवृत्तीच झेपते. निराळ्या लांबीच्या रेणूंच्या खात्रीच्या रचना हाताशी असतील, तर मी तरी आधी ट्री एडिटच लावून पाहतो.